टर्बो इंजिनाला पाणी-मिथेनॉलचा फवारा: पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी

इंजिनात जाणारी हवा थंड करायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) फवारणारं किट बसवणं फारसं अवघड नाही. पंप, टाकी, थोडी नळी आणि एक नोझल. नीट अवजारं असतील तर सुट्टीच्या दिवसात काम उरकतं. गोंधळ होतो तो त्यानंतर. फवाऱ्याच्या भरवशावर बूस्ट (टर्बो हवेला देतो तो जादा दाब) वाढवलं जातं, टायमिंग पुढे घेतलं जातं, म्हणजे ठिणगी आणखी लवकर पाडली जाते, आणि मग एक दिवस टाकी रिकामी होते किंवा नोझलमध्ये कचरा अडकतो. इंजिनाला ते कळत नाही. ते आपलं वाढवलेल्या टायमिंगवरच जोर लावत राहतं आणि पिस्टन फुटतो.

म्हणून या लेखात संरक्षणाची जोडणी आधी आहे आणि ताकद वाढवणं शेवटी. सगळं विवेचन पेट्रोलच्या टर्बो इंजिनाबद्दल आहे. डिझेलमध्येही हा फवारा वापरतात, पण तिथे तो मुख्यतः एक्झॉस्टचं तापमान खाली आणायला असतो आणि ट्यूनिंगची पद्धत वेगळी असते, तेव्हा इथले आकडे डिझेलला लावू नका.

१. आधी थंडावा येतो कुठून ते समजून घ्या

हवा दाबली की तापते. ३० अंश सेल्सिअसची हवा १ बार बूस्टपर्यंत, म्हणजे बाहेरच्या दाबाच्या दुपटीपर्यंत नेली आणि टर्बोच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती बाहेर पडते तेव्हा १२५ अंशांच्या आसपास असते. चांगला इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) यातली बरीचशी वाढ काढून टाकतो आणि हवा ६०च्या जवळ आणतो. पण गाडी बराच वेळ रांगेत उभी राहिली किंवा लागोपाठ जोर लावला, की इंटरकूलर स्वतःच तापतो आणि हा आकडा चढत जातो.

गरम हवा विरळ असते, त्यामुळे ताकद कमी होते. ते एक वेळ चालेल. नॉकिंग मात्र चालत नाही. ठिणगीनंतर ज्योत सिलिंडरभर पसरत असताना, अजून न जळलेलं कोपऱ्यातलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटतं, दाबाचा तडाखा बसतो आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात. आत जाणारी हवा जितकी गरम, तितकं हे लवकर घडतं.

इथे पाणी कामाला येतं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. मिथेनॉलला सुमारे १,१०० आणि पेट्रोलला ३५०च्या आसपास. हा बाष्पनाचा अप्रकट उष्मा हवेतूनच घेतला जातो. हातावर स्पिरिट लावल्यावर गार वाटतं ते याच कारणाने.

किती फरक पडतो? एका मध्यम ताकदीच्या इंजिनाचा हिशेब घेऊ. पूर्ण जोरात ते मिनिटाला साधारण १६ किलो हवा ओढतं असं धरा आणि त्यात मिनिटाला २८० मिलिलिटर अर्धं पाणी, अर्धं मिथेनॉल फवारलं. सगळंच्या सगळं मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) वाफ झालं तर हवा २८ अंशांच्या आसपास थंड होईल. प्रत्यक्षात तसं होत नाही. थ्रॉटलपासून (हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या झडपेपासून) सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचायला हवेला क्षणाचाही वेळ लागत नाही, तेवढ्यात थेंबांचा काही भागच सुकतो. उरलेले थेंब सिलिंडरमध्ये जातात आणि कॉम्प्रेशनच्या वेळी वाफ होतात. नॉकिंग रोखण्याचं मोठं काम याच थेंबांचं. म्हणून हवेच्या तापमानाचा सेन्सर फक्त दहा-पंधरा अंशच उतरलेला दाखवत असेल तर हिरमुसू नका. उलट सेन्सरवर थेंब बसत असतील तर तो खऱ्यापेक्षा जास्त थंड आकडा दाखवतो, त्याच्यावरही भुलू नका.

मिथेनॉल तीन कामं करतं. त्याचा ऑक्टेन आकडा (नॉकिंगला दाद न देण्याचं माप) सुमारे १०९ आहे, ते स्वतः इंधन आहे, आणि ते पाण्याला गोठू देत नाही.

ही कल्पना जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानांत एमडब्ल्यू ५० नावाचं मिश्रण असे: ५० टक्के मिथेनॉल, जवळपास तितकंच पाणी आणि अर्धा टक्का गंजरोधक तेल. वैमानिकाला ते एका दमात जास्तीत जास्त दहा मिनिटं वापरायची मुभा होती. १९६२ साली ओल्डस्मोबील जेटफायर ही गाडी कारखान्यातूनच असा फवारा घेऊन आली, आणि टाकी संपली तर बूस्ट आपोआप मर्यादित करणारी झडपही तिच्यात होती. बीएमडब्ल्यूच्या २०१६च्या एम४ जीटीएसमध्ये नुसतं पाणी फवारतात आणि तिथेही टाकी संपली की संगणक जोर कमी करतो. साठ वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांनाही जी झडप आवश्यक वाटली, ती आजच्या अनेक स्वस्त किटांत नसते.

२. आपल्याला याची गरज आहे का, ते ठरवा

इंजिन मूळ बूस्टवर असेल, नॉकिंग नसेल, इंटरकूलर ठीक असेल, तर हे करू नका. टाकी भरत राहायचं एक काम तेवढं वाढेल. बूस्ट वाढवलं आहे पण इंटरकूलर कारखान्याचाच आहे, तर आधी इंटरकूलर बदला. त्याला काही भरावं लागत नाही आणि तो कधी संपत नाही. फवाऱ्याची खरी गरज कुणाला? इंटरकूलर चांगला आहे, पंपावर मिळणारं पेट्रोल कमी ऑक्टेनचं आहे, आणि टायमिंग जरा पुढे नेलं की नॉक सेन्सर ते मागे ओढतो, अशांना.

कॉम्प्रेशन आणि लीकडाउन चाचणी (सिलिंडर दाब नीट धरून ठेवतो का ते बघणारी) करून घ्या. थकलेल्या इंजिनाला फवारा म्हणजे औषध नव्हे.

३. सामान आणि कागद

जोडणीसाठी हे लागेल:

- उच्च दाबाचा डायफ्राम पंप, साधारण १० ते १४ बारचा, मिथेनॉलला चालेल असं निर्मात्याने स्पष्ट लिहिलेला
- एचडीपीई प्लास्टिकची टाकी, झाकणाला हवेची वाट असलेली
- पातळीचा स्विच आणि प्रवाहाचा सेन्सर
- नायलॉनची उच्च दाबाची नळी आणि तिचे दाबून बसणारे जोड
- बारीक जाळीचा फिल्टर, चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारा), सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारा)
- नोझल, एक शक्यतो जास्तीचं
- बूस्टनुसार पंपाचा वेग बदलणारा कंट्रोलर
- रिले, फ्यूज, पंपाच्या लेबलवरच्या अँपिअरला पुरेल अशी वायर
- ड्रिल, पाइपच्या आट्यांचा टॅप, क्रिंपर, मल्टिमीटर
- मोजपात्र आणि स्टॉपवॉच
- नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा

वाइडबँड लॅम्ब्डा मीटर (हवा-इंधनाचं मिश्रण दाट की विरळ ते दाखवणारा) आणि नॉकिंगची नोंद वाचण्याची सोय नसेल तर पुढे जाऊच नका. या दोन्हींशिवाय ट्यूनिंग करणं म्हणजे अंदाजपंचे.

कागदांत तीन गोष्टी हाताशी ठेवा: इंजेक्टरचा प्रवाह सांगणारा तक्ता, मिथेनॉलचं सुरक्षा माहितीपत्रक आणि सध्याच्या ट्यूनची संगणकातली प्रत. मिथेनॉल विकत घेण्यावर आणि साठवण्यावर बऱ्याच ठिकाणी निर्बंध असतात, ते आधीच बघा. गाडीची वॉरंटी चालू असेल तर ती बहुधा जाईल, हेही धरून चाला.

रबराकडे विशेष लक्ष द्या. ईपीडीएमचे सील मिथेनॉलमध्ये टिकतात. पेट्रोलसाठी उत्तम म्हणून मिळणारे काही सील मात्र मिथेनॉलमध्ये फुगतात. अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटची पारदर्शक टाकी दिसायला छान असते, पण तिला तडे जातात. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत मिश्रण महिनोनमहिने पडून राहिलं तर धातू खाल्ला जातो आणि तो पांढरा चुरा थेट नोझलच्या वाटेला लागतो.

४. मिश्रण तयार करणं

सुरुवातीला आकारमानाने अर्धं-अर्धं घ्या. मिथेनॉल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे हे वजनाने सुमारे ४४ टक्के मिथेनॉल होतं. कुणी टक्केवारी सांगितली तर आकारमानाने की वजनाने ते आवर्जून विचारा. नुसतं पाणीही चालतं आणि थंडावा त्याचाच जास्त. पण गोठणाऱ्या थंडीत ते पंप फोडेल. पन्नास टक्क्यांच्या वर मिथेनॉल नेण्यात नवख्याने पडू नये, कारण मग टाकीत जवळजवळ इंधनच भरलेलं असतं.

पाणी डिस्टिल्डच हवं. नळाच्या पाण्यातले क्षार नोझलच्या केसाएवढ्या भोकात साचतात. मिसळताना द्रव थोडा तापतो आणि एक लिटर अधिक एक लिटर दोन लिटरपेक्षा जरा कमीच भरतं. हे नैसर्गिक आहे, गळती शोधत बसू नका.

काचा पुसायचं पाणी टाकीत ओतायचा सल्ला बऱ्याचदा मिळतो. त्यात साबण, रंग आणि भलतीच अल्कोहोलं असू शकतात, शिवाय प्रत्येक बाटलीत प्रमाण वेगळं. एकदा ट्यून केलेल्या इंजिनाला रोज नवं मिश्रण पाजणं बरं नव्हे.

आता इशारा, आणि हा घाईत वाचू नका. मिथेनॉल विष आहे. थोडंसं पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. ते त्वचेतून शोषलं जातं आणि वाफेतूनही आत जातं. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आग लागली आहे हेच उशिरा कळतं. पाणी मिसळलेलं अर्धं-अर्धं मिश्रणसुद्धा पेट घेतं. मोकळ्या हवेत मिसळा, आसपास ठिणगी किंवा पेटतं काही नको. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ते कधीही, एका रात्रीपुरतंही, ठेवू नका. पोटात गेल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा, कारण सुरुवातीचे काही तास माणूस ठणठणीत वाटू शकतो.

५. नोझलचं गणित

ढोबळ नियम असा की फवारा पेट्रोलच्या १० ते २० टक्के असावा. १५ पासून सुरू करा.

समजा ५५० मिलिलिटर प्रतिमिनिटाचे चार इंजेक्टर आहेत आणि पूर्ण जोरात ते ८५ टक्के वेळ उघडे राहतात. म्हणजे पेट्रोल झालं मिनिटाला १,८७०. त्याचे १५ टक्के म्हणजे २८०.

आता २८० लिहिलेलं नोझल घेऊन मोकळे होऊ नका. नोझलवरचा आकडा ठरावीक दाबाचा असतो, बरेचदा ७ बारचा. तुमचा पंप १० बार देतो आणि समोरून १ बार बूस्ट ढकलतं, म्हणजे निव्वळ दाब ९. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ९ भागिले ७, त्याचं वर्गमूळ सुमारे १.१३. तेव्हा २८० हवे असतील तर नोझल २५०चं घ्यायचं. पंपाचा दाब कमी असेल तर मोठं नोझल लावून उपयोग नाही, थेंब मोठे होतात. तुषार जितके बारीक, तितकी वाफ लवकर. याच कारणाने स्वस्त कमी दाबाच्या पंपावर पैसे वाचवू नयेत.

या प्रवाहाला पाच लिटरची टाकी अठरा मिनिटं पुरते, पण ती पूर्ण जोराची मिनिटं. रोजच्या चालवण्यात तेवढा जोर क्वचित लागतो, त्यामुळे टाकी बरेच दिवस टिकते. आणि म्हणूनच ती बघायची राहून जाते.

६. नोझल कुठे बसवायचं

इंटरकूलरच्या नंतर, थ्रॉटल बॉडीच्या आधी, मधे एक वितीचं अंतर ठेवून. याने हवेत मिसळायला वाव मिळतो. हवा मोजणारा तप्त तारेचा सेन्सर गाडीत असेल तर नोझल त्याच्या पुढेच, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, यायला हवं, त्याच्यावर एक थेंबही नको. तापमानाचा सेन्सर जमल्यास नोझलच्या अलीकडे घ्या.

इंटरकूलरच्या आधी फवारलं तर द्रव इंटरकूलरच्या तळाशी साचतो आणि एखाद्या वळणावर एकदम इंजिनात जातो. टर्बोच्या तोंडाशी फवारण्याचीही पद्धत आहे, परंतु मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणाऱ्या पात्यांवर थेंब आदळून त्यांच्या कडा झिजतात. तो प्रकार जाणकारांसाठी सोडा.

पाइपला भोक पाडायचं ते पाइप गाडीतून काढून. धातूचा एक कीस आत राहिला तर तो सिलिंडरमध्येच जाणार आहे.

७. टाकी, पंप आणि उलटी ओढ

पंप टाकीच्या तळाजवळ ठेवा म्हणजे त्याला वर खेचावं लागणार नाही. फिल्टर पंपाच्या आधी. मिश्रणाच्या नळ्या एक्झॉस्टपासून आणि टर्बोच्या गरम बाजूपासून दूर न्या. टाकी बसण्याच्या जागेत ठेवायची झाली तर तिची हवेची वाट बाहेर काढा.

नवखे सर्वांत जास्त फसतात ते इथे. थ्रॉटलच्या पलीकडे मॅनिफोल्डमध्ये नोझल असेल, तर इंजिन आयडलवर असताना तिथे निर्वात असतो आणि तो टाकीतला द्रव ओढून घेतो. टाकी नोझलपेक्षा उंच असेल तर निर्वाताचीही गरज नाही, इंजिन बंद असतानाही थेंब थेंब गळत राहतं. सकाळी स्टार्टर मारला की सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चेक व्हॉल्व्ह हवाच. टाकी उंचावर असेल तर नोझलजवळ सोलेनॉइड व्हॉल्व्हही. आयडलवर विनाकारण पांढरा धूर आणि अडखळणं दिसलं तर पहिला संशय इथेच घ्या.

८. बचाव यंत्रणा, ट्यूनिंगच्या आधी

पातळीचा स्विच फक्त टाकी रिकामी झाल्याचं सांगतो. नोझल चोंदलं, नळी निसटली, पंपाचा फ्यूज उडाला, यातलं काहीही त्याला कळत नाही. त्यासाठी प्रवाहाचा सेन्सर लागतो, तोही नोझलच्या जवळ. प्रवाह अपेक्षेपेक्षा कमी झाला किंवा जास्त झाला, दोन्ही वेळा त्याने इशारा द्यायला हवा. जास्त प्रवाह म्हणजे बहुतेक नळी तुटलेली.

इशारा म्हणजे डॅशबोर्डवरचा दिवा नव्हे. पूर्ण जोरात असताना दिव्याकडे कोण बघतं? सेन्सरने थेट काम केलं पाहिजे. सोपा मार्ग: बूस्ट कंट्रोल सोलेनॉइडची वीज तोडणं, म्हणजे बूस्ट वेस्टगेटच्या (टर्बोला नको असलेला एक्झॉस्ट बाजूने सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगपर्यंत खाली येतं. इंजिनाचा संगणक दोन मॅप (टायमिंग-इंधनाचे तक्ते) ठेवू शकत असेल तर त्याहून बरं: प्रवाह गेला की बिनफवाऱ्याचा, मागे घेतलेल्या टायमिंगचा मॅप. स्प्रिंगच्या बूस्टवर गाडी साध्या पेट्रोलवर सुरक्षित चालते की नाही हे मात्र आधी तपासा, नाहीतर ही सगळी तारजोडणी शोभेची.

९. गाडीबाहेर चाचणी

नोझल पाइपमधून काढा, मोजपात्रात धरा, टाकीत नुसतं पाणी भरा आणि पंप पूर्ण वेगाने एक मिनिट चालवा. वरच्या उदाहरणात १० बारला, समोर बूस्ट नसताना, सुमारे ३०० मिलिलिटर भरायला हवं. २२० भरलं तर पंप, फिल्टर किंवा व्होल्टेज बघा. तुषार धुक्यासारखा आहे की धारेसारखा, तेही बघून घ्या. मग पंप बंद करून नोझल खाली धरून ठेवा. थेंब टपकत राहिले तर चेक व्हॉल्व्ह बदला.

त्यानंतर मुद्दाम फ्यूज काढा, नळी निसटवा, टाकी रिकामी करा, आणि प्रत्येक वेळी बचाव यंत्रणा जागी होते का ते बघा. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

१०. ट्यूनिंग

डायनोवर (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करा. रस्त्यावर एका हाताने लॅपटॉप सांभाळत करण्याचं हे काम नाही.

आधी फवारा बंद ठेवून, कमी बूस्टवर सुरक्षित मूळ ट्यून पक्का करा. मग त्याच मॅपवर फवारा सुरू करा, बाकी काहीही न बदलता. फवारा उच्चतम बूस्टच्या निम्म्यापासून हळूहळू सुरू होऊन वर पूर्ण व्हावा. आयडलवर किंवा हलक्या जोरात तो येता कामा नये. पहिल्या फेरीत ताकद किंचित घटलेली दिसेल. मिथेनॉल इंधन असल्यामुळे मिश्रण दाट होतं, वरच्या उदाहरणात साधारण साडेतीन टक्क्यांनी, म्हणजे लॅम्ब्डा ०.८० होता तो ०.७७च्या जवळ येतो. मीटर हवा-इंधनाच्या गुणोत्तराऐवजी लॅम्ब्डावर ठेवा, कारण पेट्रोलचं १४.७ हे गणित मिथेनॉलला लागू नाही. त्याचं गुणोत्तर साडेसहाच्या आसपास आहे.

आता टायमिंग एकेक अंशाने पुढे घ्या आणि दर वेळी नॉकिंगची नोंद वाचा. ताकद वाढायची थांबली की थांबा, नॉकिंग येईपर्यंत वाट बघू नका. पेट्रोल कमी करायचा मोह आवरा. बंद पडलेल्या फवाऱ्यात टायमिंग पुढे आणि मिश्रण विरळ, हे दोन्ही एकत्र आले तर सावरायला वेळच मिळत नाही.

वरच्या फेऱ्यांवर इंजिन फडफडलं, ठिणगी विझल्यासारखी वाटली, तर एकतर पाणी जास्त होतंय किंवा स्पार्क प्लगची फट मोठी आहे. आधी फट थोडी कमी करून बघा, मग नोझल एक माप उतरवा. जास्त पाणी म्हणजे जास्त संरक्षण, असं नसतं. एका मर्यादेनंतर ते ज्वलनच मंदावतं.

११. नंतरची देखभाल

पेट्रोल भरताना टाकीची पातळी बघायची सवय लावा. नोझल आणि फिल्टर प्रत्येक ऑइल बदलाला काढून साफ करा आणि त्याच वेळी मोजपात्राची चाचणी पुन्हा घ्या. जुना आकडा वहीत लिहिलेला असेल तर घसरण लगेच दिसते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून नळ्यांतून डिस्टिल्ड पाणी फिरवा आणि तेही काढून टाका. उरलेलं मिश्रण गटारात ओतू नका, पुढच्या खेपेसाठी बंद डब्यात ठेवा.

टाकीच्या झाकणावर ठळक अक्षरांत लिहा: मिथेनॉल, विषारी, ज्वालाग्राही. कोणत्याही गॅरेजात गाडी सोडताना हे तोंडानेही सांगा. नाहीतर काचा पुसायच्या पाण्याची टाकी समजून कुणीतरी तिच्यात साबणाचं पाणी भरून देईल, आणि वेल्डिंग करणाऱ्याला तर तिथे काय आहे हे कळायलाच हवं.